ताईचा डावा गाल

दुपारपासून फोटोग्राफरच्या नाकी नऊ आले होते, तेही सख्ख्या बहिणीच्या एका फोटोपायी. ताई महिनाअखेरीस शाळेतून निवृत्त होणार होती. ऑफिसच्या भिंतीवर आधीच्या साऱ्या मुख्याध्यापिकांचे काळेपांढरे फोटो होते. आता तिचा लागायचा होता, आणि फ्रेमवाला सहाला दुकान बंद करणार होता.

डाव्या गालावर तळहाताएवढी लालभडक खूण घेऊनच ताई जन्मली होती. घरच्या प्रत्येक फोटोत ती उजवा गाल पुढे करून उभी. आज मात्र खिडकीपाशी बसल्यावर तिने आपणहून चेहरा सरळ समोर धरला, आणि हा हरखला. तिथवर सगळं छान होतं.

मग तो संगणकावर बसला आणि डोकं फिरायची वेळ आली. काळ्यापांढऱ्यात लाल रंग किती गडद दिसावा, हे पडद्यावरच्या एका सरकत्या पट्टीवर ठरतं. पट्टी मधोमध ठेवली की खूण जेमतेम सावलीइतकी दिसे. ही लबाडी झाली, असं त्याला वाटे. पट्टी खाली ओढली की गालावर शाई सांडल्यासारखी दिसे, वर ओठही काळेठिक्कर. मूळ रंगीत फोटो उघडून बघावा, तर या साहेबांचा स्वतःचाच नियम आडवा येई. कॅमेऱ्याच्या पडद्यापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत सगळं काळंपांढरंच बघायचं; रंग पाहिला की उजेड दिसत नाही म्हणे. असल्या नियमांचा त्याला भारी अभिमान. पाच वाजले, माउस दोनदा आपटून झाला, तिसऱ्यांदा त्याने त्या पट्टीलाच शिवी हासडली.

मागे पेपर वाचत बसलेली ताई उठून आली. पडद्याकडे पाहून म्हणाली, ही काही मी नाही.

"मग कशी ठेवू? तूच सांग," तो वैतागून म्हणाला.

"तुला दिसते तशी ठेव."

आपल्याला ती कशी दिसते, हेच त्याला सांगता येईना. तिला वाईट वाटू नये म्हणून तो जन्मभर तिच्या उजव्या गालाशीच बोलत आला होता. त्याला स्वतःची चीड आली. खुर्ची वळवून त्याने डाव्या गालाकडे नीट पाहिलं. खूण फिकट गुलाबी होती, जेमतेम सावलीइतकी.

"ही कधी गं उतरली?"

"डॉक्टरांकडून उतरवून घेतली, त्याला वीस वर्षं झाली," ताई म्हणाली. "तू विचारशील कधीतरी, म्हणून वाट पाहिली."

त्याने पट्टी मधोमध आणली.