धुक्याचे फोटो

एरवी डिसेंबरात वाळूजच्या कंपनीत जायचं तर कानटोपी सापडत नाही म्हणून खोळंबणारा हनुमान, रविवारी मात्र उजाडायच्या आत स्कूटर काढायचा. डिकीत जुना रोलचा कॅमेरा, मागं कुडकुडणारी बायको प्रांजली, आणि फुलंब्रीच्या पुढं धुकं शोधत हिंडणं. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला गर्व मात्र भरपूर होता. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांची त्याला कीव यायची.

त्याच रस्त्याच्या कडेनं त्याचा बाप मुंजाबा मेंढरं चारायचा. पोरगा नुसता हात करून पुढं निघून जायचा. "धुक्याचा फोटू काढतो म्हणं," म्हातारा हसायचा, "त्यात दिसतं काय?" पण गावभर सांगायचा की आमच्या हनुमंताचा कॅमेरा साधासुधा नाय.

या हिवाळ्यात मुंजाबाचे गुडघे पार गेले आणि मेंढरं विकायचं ठरलं. सगळा जन्म त्यांच्यामागं गेलेला. म्हाताऱ्यानं पोराकडं आयुष्यात एकदाच काही मागितलं. "टेम्पोत चढायच्या आधी त्यांचा नि माझा एक फोटू काढ. घरात लावतो."

त्या सकाळी हनुमान हातमोजे घरीच विसरला. मेंढरांच्या वाडग्याशी पोचेपर्यंत बोटं लाकडं झालेली, आणि व्यापारी टेम्पो लावून घाई करत उभा. हनुमाननं थिजल्या बोटांनी कॅमेऱ्यात रोल घातला, झाकण लावलं. दांडा ओढला की वरची चकती फिरते का, एवढं बघायचं असतं. फिरली तर रोल आत नीट अडकला. हे तो लोकांना शिकवायचा. त्या दिवशी त्यानं स्वतः पाहिलं नाही.

मुंजाबा धुतलेला पटका बांधून मेंढरांच्या मधोमध उभा राहिला. लाडकी मेंढी चांदी, तिच्या मानेवर हात. प्रांजलीनं मोबाइल काढला.

"ठेव ते खेळणं," हनुमान खेकसला.

"अहो, एखादा माझ्याकडं बी राहू द्या की."

"ठिव पोरी," मुंजाबा म्हणाला, "हनुमंता काढतोय नव्हं."

प्रांजलीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तीसवर जाईस्तोवर हनुमाननं फोटो काढले. मग मेंढरं एकेक करून टेम्पोत चढली. चांदीला मुंजाबानं दुखऱ्या गुडघ्यांनिशी स्वतः उचलून चढवलं.

रोल धुवायला पुण्याला गेला. आठवड्यानं निरोप आला, रोल कोरा आहे. आत फिल्म जागची हललीच नव्हती. हनुमानला स्वतःची लाज वाटली, पण पहिला विचार आला तो दोष कॅमेऱ्यावर ढकलायचा. माणूस असाच असतो.

पुढच्या रविवारी दोघं गावी गेले. वाडगं रिकामं होतं. घरात भिंतीला नवा खिळा, खिळ्याला काचेची फ्रेम, आणि फ्रेमीत दुकानदारानं घातलेला कुठल्यातरी परदेशी बर्फाच्या डोंगराचा कागद.

"तुझा येईस्तोवर ऱ्हाऊ दे म्हणलं," मुंजाबा म्हणाला. "आणलास?"

"बाबा, रोल चढलाच नव्हता. मी बघितलं नाही. सगळं कोरं आलं."

"एक बी नाय?"

"नाही."

"चांदीचा बी?"

म्हातारा प्रांजलीकडं वळला. "पोरी, तुझ्या मोबाइलात असंल की एखादा."

प्रांजलीनं नुसती नाही म्हणून मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, आणि नवऱ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मुंजाबा भिंत धरत उठला. फ्रेम काढली, पटक्याच्या टोकानं काच पुसली आणि पोराच्या हातात दिली.

"घिऊन जा. धुक्याचा एखादा लाव यात. ते बरे येत्यात तुझे."