बिनहातांची खुर्ची

ज्याने बीजात वृक्ष झाकून ठेवला आणि मुठीएवढ्या काळजात अवघा भवसागर भरला, ज्याच्या दारी स्थूल आणि कृश असा भेद नाही, त्या कृपानिधीला आधी नमन. मला पाठ आहे, पण ती वाकत नाही; पाय आहेत, पण ते चालत नाहीत. म्हणून हे नमन मनानेच. मुक्याला वाचा देणे त्याच्याच हाती. आज ती मला लाभली आहे, तर चार शब्द बोलून घेते.

मी एक लाकडी खुर्ची. या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी माझी जागा. खुर्ची होण्यापूर्वी मी एका पाडलेल्या घराचे दार होते. माणसे माझ्यातून येत आणि जात. माझ्यापाशी थांबत कुणी नसे. मग एका सुताराने मला विकत घेतले आणि भिंतीला टेकवून ठेवले. त्याच्या मनात माझे काही ठरत नव्हते.

ते ठरले त्याच्या बायकोमुळे. ती अंगाने भरलेली. लग्नानंतर प्रथमच ती सुताराच्या थोरल्या बहिणीकडे गेली, तेव्हा तिच्या भाराने तिथल्या खुर्चीचा पाय मोडला. ती पडली नाही, सावरली. पण नणंदेने पदराआड दडवलेले हसू तिने पाहिले. घरी आल्यावर ती त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. सुतार सोबत होता, त्यानेही सारे पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याने दाराच्या फळ्यांवर रंधा धरला.

अशी मी जन्मले. बैठक ऐसपैस, पाय जाड, दोन्ही बाजूंना गुळगुळीत हात. नणंद पाहायला आली आणि म्हणाली, "अरे, खुर्ची केलीस की सिंहासन?"

"राणी घरात आहे ताई, मग सिंहासन नको?" सुतार म्हणाला.

"राणीचं राज्य जरा जास्तच पसरलंय," नणंद म्हणाली आणि स्वतःच हसली. तिची जीभ तिखट होती. मन वाईट नव्हते, पण जिभेला मनाची वाट पाहण्याची सवय नव्हती.

सुताराची बायको, ती माउली, घरात पाळणाघर चालवी. सकाळी आईबाप आपली पोरे तिच्या ओटीत घालून कामाला जात. सारी पोरे तिला मावशी म्हणत. एक मांडीवर घेई, दुसरे माझ्या बैठकीत तिच्या कुशीशी मावे. किती रडणी माझ्यावर शांत झाली, किती लाळ माझ्या हातांवर वाळली! माझ्या आयुष्यातले ते सत्ययुग.

पण देह कुणाला सुखाने राहू देतो? तिचे गुडघे बोलू लागले. पोरामागे धावताना तिला धाप लागे. डॉक्टर म्हणाले, "शस्त्रक्रिया करून जठर लहान करू. भूक आवरेल, वजन उतरेल." तिने मन घट्ट केले आणि ते करून घेतले.

आणि खरोखर ती उतरू लागली. घरात आनंदीआनंद झाला. जुने कपडे अंगावर लोंबू लागले, तसे ते आत घेऊन शिवले गेले. सुतार तिच्याकडे पाहून शीळ घाली. त्या आनंदाच्या भरातच त्याच्या हातून ती गोष्ट घडली.

एके दिवशी ती बाहेर गेलेली असताना त्याने मला उलटे केले, सांधे सोडवले, आणि बैठकीच्या व पाठीच्या मधोमध करवत घातली. मधली फळी काढून टाकली, उरलेली दोन अंगे सरस लावून जवळ आणली, आवळून बांधली. काढलेली फळी चुलीत गेली. लाकडाला वेदना नसतात असे लोक म्हणतात. लोक कधी लाकूड झालेले नाहीत.

ती आली. तो म्हणाला, "बस. आता ही तुझ्या मापाची."

ती बसली. हसली. मग माझ्या हातांवरून तळवे फिरवत म्हणाली, "अहो, मला विचारायचं तरी. आणि पुन्हा वाढले तर?"

"शुभ बोल गं! लाकूड कधी पुन्हा वाढतं का?"

सुताराला लाकूड ठाऊक होते. देह लाकूड नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

काही वर्षे बरी गेली. मग हळूहळू, ओसरलेले पाणी परत यावे तसे वजन परत आले. ती खात होती मोजकेच. त्याच्या जोडीला छातीत आग. रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येई. तीन उशा पाठीशी घेऊन ती बसल्या बसल्याच झोपे. माझे हात तिच्या मांड्यांना आवळू लागले. तिने तक्रार केली नाही. फक्त माझ्यावर बसणे सोडले. माझ्या अंगावर पोरांच्या पिशव्या येऊन पडल्या, आणि जिच्यासाठी मी जन्मले ती माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसू लागली.

सुताराला ते दिसत होते. एकदा तो म्हणाला, "पुन्हा रुंद करून देऊ का?"

ती म्हणाली, "म्हणजे मी अशीच राहणार, हे तुम्ही धरूनच चाललात."

बिचाऱ्याची इकडे आड तिकडे विहीर झाली. रुंद करावी तर तिच्यावर विश्वास नाही असे ठरे. अरुंद ठेवावी तर तिला रोज टोमणा. त्याने विषय सोडला. मी तशीच राहिले.

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले की दुसरी शस्त्रक्रिया करता येईल. जठर पुन्हा सैलावले आहे. आता अन्नाची वाट पुढे आतड्याला जोडू, म्हणजे जळजळही थांबेल. मात्र पहिल्या वेळेचे व्रण आत चिकटून बसलेले असतात, म्हणून हे काम पहिल्याहून अवघड. "यात तुमचा काही गुन्हा नाही," असेही ते म्हणाले. ते वाक्य तिने घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितले. स्वतःला किती वेळा सांगितले असेल, देव जाणे.

नणंदेला कळले तशी ती आली. "पुन्हा पोट फाडणार? अगं, गळक्या घागरीला डाग तरी किती द्यायचे? जरा तोंड आवरलं असतं तर—"

"वन्सं, चहा घेणार ना?" एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. चहा बराच वेळ उकळत राहिला.

तारीख जवळ आली तसे तिचे वागणे पालटले. तिने कपाटे आवरली. पोरांचे आईबाप, कुणाला काय चालत नाही, कोण कुठल्या गाण्यावर झोपते, हे सारे नवऱ्याला बोलून दाखवू लागली. एके संध्याकाळी त्याला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "बघा, हे मीठ, ही साखर. डबे सारखेच दिसतात."

"मला काय करायचंय? तू आहेस ना."

तिने साखरेचा डबा पुन्हा त्याच्या हातात दिला. हसण्यासाठी उघडलेले त्याचे तोंड तसेच राहिले. आपली बायको घर आवरत नसून निरोप घेत आहे, हे त्याला तेव्हा उमगले.

इस्पितळात शस्त्रक्रियेपूर्वी धीर देणारी एक बाई होती. तिने सांगितले होते, "भीतीला हाकलू नका, ती जाणार नाही. रोज थोडा वेळ खुर्चीत बसा. पाठ टेकवा, दोन्ही पाय जमिनीवर ठेवा, हात मांडीवर सैल सोडा. श्वास जितका घ्याल त्याहून सावकाश सोडा." उपाय सोपा. पण घरात पाठ टेकवून, पाय जमिनीला लागतील अशी बसण्याजोगी खुर्ची मीच एक होते. आणि मी तिला आत घेत नव्हते.

एका दुपारी पोरे झोपली होती. तिने माझ्यावरच्या पिशव्या हलकेच उतरवल्या. बऱ्याच दिवसांनी तिचा हात मला लागला, थंडगार होता. ती अंग चोरून, एका कुशीवर होत आत शिरली. मी माझे हात मागे घ्यावेत म्हणून देवाचा किती धावा केला! तिने डोळे मिटले, श्वास घेतला. सोडताना मात्र मी तिला दोन्हीकडून आवळत होते. ती उठायला गेली, आणि तिच्यासकट मीही जमिनीवरून उचलले गेले.

एक पोर जागे झाले होते. ते टाळ्या पिटून ओरडले, "मावशीला खुर्ची चिकटली!" बाकीची उठली, खदखदून हसली. लेकरांच्या हसण्यात पाप नसते. तीही त्यांच्याबरोबर हसली, नाटकातल्यासारखी गर्रकन फिरली, मला ओढून काढले आणि जाग्यावर ठेवले. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. तो फक्त मी ऐकला.

पोरे घरी गेली, सुतार आला. ती माझ्यासमोर जमिनीवर बसून होती.

"मी नाही जाणार. डॉक्टरांना कळवून टाका."

"अगं, असं काय? सगळं ठरलंय. भीती वाटते?"

"मरणाची नाही वाटत हो. जगले, आणि पुन्हा वाढले तर? एकदा हरलं तर लोक नशिबावर ढकलतात. दुसऱ्यांदा हरलं की माणसालाच हसतात. मग मी कुठं तोंड लपवू? तुमच्या त्या खुर्चीपुढंसुद्धा मला लाज वाटते."

मी ऐकले. मला मान असती तर खाली घातली असती.

त्याने माझ्या दोन्ही हातांवरून बोटे फिरवली. मग आतून पटाशी आणि हातोडी घेऊन आला.

"आता काय करताय? पुन्हा रुंद करणार असाल तर मला नको."

"रुंद नाही करत. हात काढतोय."

"आणखी बिघडवा."

"मी तुला न विचारता तुझं माप घेतलं, तिथंच बिघडलं," तो पटाशीवर टोला घालत म्हणाला. "हात असले की खुर्ची सांगते, एवढाच माणूस हवा. हात नसले की कुणीही बसा. तू जाडी हो, बारीक हो, जशी येशील तशी ये. मी पुन्हा तुझं माप घेणार नाही. आणि जायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी डॉक्टरांना कळवतो, का म्हणून विचारणार नाही."

माझे दोन्ही हात निखळून पडले. कडा त्याने कानशीने घासल्या, फडक्याने पुसल्या. ती उठली आणि बसली. कुठेही काही आवळले नाही. तिने पाय टेकवले, डोळे मिटले. तोही खाली मांडी घालून तिच्याबरोबर श्वास घेऊ लागला.

डोळे न उघडता ती म्हणाली, "अहो, श्वास घेताय की रंधा मारताय?"

दोघे हसले. हसता हसता तिला रडू आले, आणि ते तिने या वेळी नळाखाली नेले नाही. पूर्वी तिच्या कुशीशी जिथे एक पोर मावे, तिथे आता भीती बसली. बसली, पण गळा धरून नाही. रोज त्या दोघी अशा माझ्यावर बसत. शेवटी ती म्हणाली, "जाते."

निघायच्या सकाळी पाळणाघर सांभाळायला नणंद आली. कुणी बोलावले नव्हते. कमरेला पदर खोचत म्हणाली, "जा तू. पण लवकर ये. ही कार्टी माझ्याच्यानं आवरायची नाहीत." मग दारापर्यंत गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून परत आली.

नंतरचे मी सुताराच्या तोंडून ऐकले. तो बहिणीला सांगत होता, आणि वाक्य पुरे होत नव्हते. पोट उघडले, पण आत सारे एकमेकांना असे घट्ट चिकटले होते की सोडवताना आतडे फाटण्याची भीती. डॉक्टरांनी जिवाशी खेळ केला नाही. होते तसेच ठेवून टाके घातले. शस्त्रक्रिया झालीच नाही. जळजळीवर औषध चालू राहील. वजनाचे पुढे पाहू.

ती घरी आली ती गेली तशीच. वर नवे टाके घेऊन. नणंद दारात उभी होती. तिच्या जिभेवर काही आले असेल तर तिने ते गिळले. "आलीस ना," ती म्हणाली. "बस. बाकीचं राहू दे."

ती माझ्यावर बसली. पोटाशी उशी धरली होती. "अहो," ती म्हणाली, "हरण्याच्या भीतीची एवढी तयारी केली. न लढताच परत येऊ, याची भीती कुणी घातलीच नव्हती."

  तो तिच्या पायांशी बसून राहिला. मी तिचा सगळा भार घेतला. लाकडाला एवढेच येते.

आजही ती सकाळी पोरे यायच्या आधी बसते, पाय टेकवते, श्वास सोडते. काही सकाळी रडते. छातीतली आग औषधाने थोडी निवली आहे. मनातली निवायला वेळ लागेल. माझ्या हातांच्या जागी चार खाचा उघड्या आहेत, पोरे त्यांत बोटे घालतात. मला दुखत नाही.

सज्जनहो, माझे एवढेच मागणे. जिवलगाला करवत लावण्यापूर्वी, मग ती प्रेमाची का असेना, त्याला विचारा. देह हे देवाने राहायला दिलेले घर आहे. कुणाचे लहान, कुणाचे मोठे, कुणाचे वारंवार डागडुजीला येणारे. त्या घराकडे पाहून आत राहणाऱ्याला हसू नका. आणि तुमच्या घरी कुणी घाबरून गप्प बसले असेल, तर त्याच्याजवळ जमिनीवर जाऊन बसा.

हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला टेकायला पाठ मिळो. शस्त्राखाली जाणाऱ्यांना धीर मिळो, परतणाऱ्यांना उघडे दार मिळो. कुणाच्याही घरी कुणाला अंग चोरून बसावे न लागो. अवघ्यांचे कल्याण होवो.