कुणाचीच नसलेली गाय

मी दगडी पूल आहे. जुना, बुटका, एका कमानीचा. मित्रांनो, फ्रान्सच्या आर्देन जिल्ह्याचं उत्तर टोक बेल्जियममध्ये बोटासारखं घुसलं आहे. त्या बोटाच्या कडेला, एका ओढ्यावर मी उभा आहे. सरहद्द ओढ्याच्या मधोमध जाते. म्हणून माझा एक पाय फ्रान्सचा, दुसरा बेल्जियमचा.

दोन्ही काठांच्या गवंड्यांनी मला बांधलं. लग्नाची वऱ्हाडं, झग्यात तंबाखू लपवून नेणाऱ्या बाया, दोन युद्धांतली सैन्यं, सगळ्यांना मी पाठीवरून नेलं. "पूल असावा तर असा!" असं लोक म्हणत. मग खालच्या अंगाला डांबरी रस्ता झाला, आणि माझी डागडुजी कोणत्या देशाने करायची यावर कागद फिरू लागले. कमानीचा एक दगड निखळून ओढ्यात पडला, तो तिथेच राहिला. तेही मी सोसलं. पण त्या उन्हाळ्यातलं आठवलं की आजही शिसारी येते.

वरून वाहत आलेली एक मेलेली गाय त्या दगडाला अडकली. दोन दिवसांत फुगली, तिसऱ्या दिवशी फुटली. माश्यांचा काळा थर, वळवळणाऱ्या अळ्या, आणि पाण्यावर पिवळट तवंग. तेच पाणी पुढे वळून फ्रान्सच्या बाजूच्या गावात गुरांच्या हौदात जायचं.

त्या गावात झेली नावाची साठीची विधवा राहायची. तीन गाई आणि एक वासरू, एवढाच तिचा संसार. ती मेअरकडे गेली.

मेअर म्हणाला, "हद्दीवरची गाय आहे, बाई. मला हात लावता येत नाही. वर लिहितो."

वरच्याने जिल्ह्याला लिहिलं, जिल्ह्याने पॅरिसला, पॅरिसने ब्रुसेल्सला. नवव्या दिवशी कचेरीतून एक साहेब आला. नाकाला रुमाल लावून त्याने काठावरूनच मोजायची फीत धरली.

"डोकं बेल्जियमचं," तो म्हणाला, "पोट सामाईक. शेपूट तेवढं आपलं."

"मग आपलं शेपूट तरी घेऊन जा की, साहेब!" झेली कडाडली.

साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं आणि तो निघून गेला.

त्या आठवड्यात झेलीचं वासरू हगवणीने मेलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी घोडा आणि दोर घेऊन ती माझ्यापाशी आली. पलीकडे उबेर नावाचा बेल्जियन शेतकरी गवत कापत होता.

"उबेर, नुसता बघतोस काय? ये इकडे!"

"आणि कुठे ओढायची? तुझ्या देशात की माझ्या?"

"जिकडे चढ कमी, तिकडे!"

चढ उबेरच्या बाजूला कमी होता. तो कमरेपर्यंत त्या घाणीत उतरला. दोर बांधताना दोनदा ओकला, पण गाठ सोडली नाही. झेलीने घोड्याला हाक दिली. गाय निघाली, तिच्यामागे काळं पाणी सुटलं आणि बऱ्याच वेळाने माझ्याखालून स्वच्छ धार वाहू लागली. उबेरच्या बांधाला खोल खड्डा खणून, चुना टाकून दोघांनी तिला पुरलं.

महिन्याने साहेब परत आला, सोबत बेल्जियमचाही एक साहेब.

"गाय कुणाच्या परवानगीने हलवली? मेलेलं जनावर सरहद्दीपार नेणं गुन्हा आहे!"

झेलीने हौदातलं पाणी पेल्यात भरून दोघांपुढे धरलं. "आता निवळलंय. घ्या, प्या."

कुणीही पेला घेतला नाही. अहवालात त्यांनी लिहिलं, "पाहणी केली. पुलाखाली काहीही आढळलं नाही."

मित्रांनो, अळ्यांची मला किळस आली खरी, पण त्या अळ्या निदान आपलं काम करत होत्या. कधी एखाद्या पुलाखाली असं काही कुजताना दिसलं, तर ते कुणाच्या हद्दीत आहे हे विचारत बसू नका. खाली कोण पाणी पितं, ते आधी बघा.