बयनाबाईची दाढ

प्रगतीच्या प्रोफेसरपदाचं घोडं तिच्या आईच्या, बयनाबाईच्या, दाढेपाशी अडलंय, हे बाजारहत्नूर गावात सांगून कुणाला पटलं नसतं.

हैदराबादेत आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवणाऱ्या या लेकीनं एक शोधनिबंध लिहिला होता. कापूस घ्यायला आलेल्या ज्या परदेशी कंपन्या इथल्या बायांच्या पारखीवर विसंबल्या, त्या टिकल्या. नुसत्या यंत्रावर विसंबलेल्यांनी गाशा गुंडाळला. पारख कसली, तर सरकी दाढेखाली धरायची. कट्ट वाजली तर कापूस सुका, दबली तर ओला. निवड समितीतले नरसिंगराव म्हणाले, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नेमणुकीवर सही करणार नाही. आणि ओलावा मोजायचं यंत्र घेऊन खरंच गावात आले की!

"बाबा, सहा टोपल्या ठेवा. तीन सुक्या, तीन दवातल्या. मायले सांगू नका," असं प्रगतीनं फोनवर बजावलं होतं. पण तिचे वडील चंपतराव फोनवर बोलणार ते स्पीकर लावूनच. बयनाबाईनं सगळं ऐकलं.

आता ती ओसरीवर बसली. पहिली सरकी कट्ट. दुसरी कट्ट. चौथीही कट्ट वाजली तेव्हा प्रगतीचा चेहरा उतरला. कोणत्याही तीन टोपल्यांना ओल्या म्हणून टाकलं असतं तर लेकीचं काम झालं असतं. पण कापसाबद्दल खोटं बोलायला बयनाबाईची जीभच रेटेना. तिनं सहावी सरकीही फोडली.

"साहीच्या साही सुक्या हायेत," ती म्हणाली. लेकीकडं बघायचं तिनं टाळलं.

नरसिंगरावांनी एकेका टोपलीत यंत्र खुपसलं. साही वेळा ओलाव्याचा आकडा आठ टक्क्यांच्या खालीच, म्हणजे कापूस सुकाच. प्रगती बापाकडं वळली.

"बाबा, ओला कापूस कुठी हाये?"

"कोठ्यात," चंपतराव खाली मान घालून म्हणाले. "हैदराबादेहून एवढा मोठा माणूस आला, त्याच्यापुढं ओला माल मांडू काय? गाव काय म्हणंल? सकाळीच बदलला मी."

बयनाबाईनं कपाळावर हात मारला. नरसिंगराव मात्र पोट धरून हसले.

"तीन ओल्या आहेत, हे तुम्हाला माहीत होतं ना, बाई?"

"माहीत होतं जी."

"तरी साही सुक्या म्हणालात." त्यांनी पेन काढलं आणि टोपलीच्या काठावर कागद टेकवून तिथंच सही केली. "पण प्रगती, निबंधात 'एक स्थानिक महिला' काय लिहितेस? नाव घाल यांचं."

मग त्यांनी सहज विचारलं, "लेक कॉलेजात काय शिकवते, कल्पना आहे का बाई?"

बयनाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आजवर नव्हती जी," ती म्हणाली. "आज समजलं. माझंच शिकवून राह्यली थे."