पाणी मुरतं कुठं

आप्पासाहेब पाण्याचं बिल घेऊन दारात आले, तेव्हा चैताली ऑफिसच्या कॉलवर होती. हिंजवडी गावात त्यांची स्वतःची तीन मजली इमारत होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चैताली आणि तिची आई चंपाबाई भाड्याने राहायच्या. बोअर आटली की टँकर मागवावा लागे, म्हणून आप्पासाहेबांनी प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं मीटर बसवलं होतं.

"मॅडम, तुमी दोघीच राहता ना? वरती कंपनीतली पोरं ऱ्हात्यात, सगळी मिळून तुमच्या निम्मं पाणी वापरत न्हाईत. काय गटारात सोडताय का?"

"नाही हो काका. आम्ही जपूनच वापरतो."

"मग मीटर खोटं बोलतंय व्हय? पुढच्या महिन्यातबी असंच आलं, तर दुसरीकडं बघा."

ते गेले आणि चैताली दाराला कडी लावून तशीच उभी राहिली. ही जागा मिळायला अख्खा पावसाळा गेला होता. फोनवर सगळं ठरायचं, पण कांबळे आडनाव सांगितलं की जागा 'कालच गेलेली' असायची. आप्पासाहेबांनी मात्र काही विचारलं नव्हतं. 'भाडं वेळेवर द्या, बाकी आमाला काय न्हाई,' एवढंच म्हणाले होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ती वॉकर धरून चालायची. अशा आईला घेऊन पुन्हा घरं शोधत फिरणं चैतालीला शक्यच नव्हतं.

त्या दिवसापासून दोघी पाण्याला घाबरू लागल्या. भांडी एकदाच घासायची, कपडे दोन दिवसांचे साठवायचे. आई हल्ली पाणीच कमी पिते, हे चैतालीच्या लक्षात यायला वेळ लागला. विचारलं तर म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की फ्लश ओढावा लागतो." चैतालीला रडू आलं. तिने आईला बळेच तांब्याभर पाणी पाजलं.

रविवारी तिने घरातले सगळे नळ घट्ट बंद केले आणि बाहेर जाऊन मीटरवर मोबाईलचा टॉर्च धरला. आतली छोटी तांबडी चकती गरागरा फिरत होती. पाणी कुठेतरी गळत होतं. दोष आपला नाही, म्हणून क्षणभर तिला हायसं वाटलं. मग ती घरात आली आणि भिंतींवरून हात फिरवत गेली. मोरी, ओट्याखालची जागा, कोपरे. सगळं कोरडं ठणठणीत होतं. कुठे ओल नाही, पोपडा नाही, बाहेर चिखलही नाही. टँकरभर पाणी या घरात शिरत होतं आणि त्याचा मागमूस दिसत नव्हता. आता तिला बिलापेक्षा त्या कोरड्या भिंतींचीच भीती वाटू लागली.

तिने आप्पासाहेबांना गाठलं. "काका, फरशीखालचा पाइप फुटलाय. प्लंबरला बोलवू या. खर्च निम्मा मी देते."

"फरशी फोडायची न्हाई," ते एकदम म्हणाले.

"पण काका..."

"सांगितलं ना! मागच्या खोलीतल्या फरशीला हात लावायचा न्हाई!"

मागची खोली असं तिने म्हटलंच नव्हतं. घरी येईपर्यंत ते तिच्या ध्यानात आलं नाही. 

बुधवारी दुपारी ती बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होती. आतून आईची हाक आली, "चैते, कपाटाचं दार सारखं उघडतंय गं. लावलं की उघडतंय."

चैताली मागच्या खोलीत गेली. आई खिडकीखालच्या पलंगावर बसली होती. लोखंडी कपाट पुढे कललं होतं आणि त्याच्या मागे, भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे, बोट जाईल एवढी फट पडली होती. चैताली उंबऱ्यापाशी खाली वाकली, गुडघे टेकले आणि फरशीला कान लावला.

पाणी वाजत होतं. पाइपातून वाहण्याचा तो आवाज नव्हता. पाणी पडत होतं, खूप खोल कुठेतरी, पाण्यावर.

"आई, उठू नकोस. मी आले."

ती धावत शेजारी आप्पासाहेबांच्या घरी गेली. दारात त्यांच्या पत्नी विजयमालाबाई मेथी निवडत होत्या. चैतालीने धापा टाकत सांगितलं, "काकू, मागच्या खोलीत... फरशीखाली पाणी पडल्याचा आवाज येतोय. खोल."

विजयमालाबाईंच्या हातातली जुडी गळून पडली. "अहो!" त्या आत बघून किंचाळल्या. "अहो, हीर! बुजवलेली हीर उघडली!"

आप्पासाहेब अनवाणीच बाहेर आले. चैतालीकडे न बघता ते पळत सुटले. ती त्यांच्या मागे पोचली, तेव्हा ते मागच्या खोलीच्या चौकटीला धरून उभे होते. आतल्या चंपाबाईंना ते सांगत होते, "आक्का, मधी पाय टाकू नका. भिंत धरून कडंकडंनं या."

"आलेच असते हो, पण वॉकर तिकडं राहिलाय," चंपाबाई म्हणाल्या. वॉकर खोलीच्या मधोमध उभा होता.

"आई, वॉकर राहू दे! भिंतीला हात लाव."

चंपाबाई उठल्या. गुडघा थरथरत होता. एक पाऊल, मग थांबून श्वास. मधली एक फरशी टचकन तडकली आणि वॉकर किंचित तिरका झाला. चैताली आत झेपावणार, तोच आप्पासाहेबांनी तिला मागे ओढलं. "पोरी, तुझं वजन नको!" मग त्यांनी स्वतःच चौकट एका हाताने घट्ट धरली, दुसरा हात जितका लांबेल तितका लांबवला. चंपाबाईंची बोटं त्यांच्या पंजात आली, तसं त्यांनी जोरात खेचलं. तिघंही बाहेरच्या खोलीत एकमेकांवर पडले आणि तसेच रांगत, फरफटत रस्त्यावर आले.

वरच्या पोरांना हाका मारून खाली बोलावलं आणि तेवढ्यात आतून आवाज आला. धडाड असा नव्हता तो. खडीची गाडी रिकामी व्हावी तसा, बराच वेळ चालणारा. त्यात कपाटाचा लोखंडी खणखणाट, आणि शेवटी पाण्यात काहीतरी पडल्याचा.

अग्निशमन दलाच्या लोकांनी दोर बांधून सगळ्यांना लांब हटवलं. आप्पासाहेब गटाराच्या काठावर बसले होते.

"ह्या खोलीखाली वडिलांची हीर व्हती. मुरूम टाकून भरली व्हती चांगली," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "फरशी फोडली असती तर गावभर झालं असतं. मग खोल्या कुणी घेतल्या असत्या?"

 चंपाबाई म्हणाल्या, "आप्पा, तुमच्या पाण्यापायी मी तहान मारून बसत होते. ते कुठं मुरतंय, हे तुम्ही मात्र जाणून होता."

 

मायलेकी काही दिवस चैतालीच्या ऑफिसातल्या शेफालीकडे राहिल्या. तिथे रात्री चैताली आईला हाक मारून उगाच उठवायची, श्वास चालू आहे ना बघायची. मग एजंटने एक जागा दाखवली. स्वच्छ, उजेडाची, तळमजल्यावर, आईला सोयीची. चैताली पायरीवरच थांबली.

"इमारत व्हायच्या आधी इथं काय होतं?"

एजंट हसला. "शेतच असणार मॅडम. सगळीकडे शेतंच होती."

"एखाद्या जुन्या माणसाला विचारून सांगा," ती म्हणाली. "तोपर्यंत मी बाहेरच थांबते."