आधी आवाज

या, असे जवळ सरका. एका बहिणीची गोष्ट सांगतो. कान तेवढे उघडे ठेवा, कारण गोष्ट कानाचीच आहे.

एका इस्पितळात वरच्या मजल्यावर बंद वॉर्ड होता, नातेवाइकांना आत मनाई. म्हणून खालच्या खोलीत टीव्हीसारखे पडदे लावले होते. वरचा रोगी तिथे दिसे, बोले. ही सगळी जोडणी ज्याने केली, त्याला त्याची ताई ‘तारोबा’ म्हणायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. लग्नाचं वय झालं तरी हा वायरींतच, आता नवरी काय केबलची आणू, असं ती चारचौघांत विचारायची.

वरून खाली एकच बारीक लाइन. चित्र त्यातूनच, आवाजही त्यातूनच. गर्दी झाली की काहीतरी गळणारच. काय गळू द्यायचं ते तारोबाने ठरवायचं. पडद्यावर चेहरे चौकोन-चौकोन होऊन फुटतात म्हणून लोक कुरकुरत होते. आवाजाबद्दल कुणी तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा त्याने चित्राला पुढे सोडलं, आवाजाला मागे. रिकाम्या लाइनवर तपासलं, झकास चाललं.

पुढे ताईच जिवावरच्या दुखण्याने त्या वॉर्डात गेली.

त्या दिवशी भेटीच्या वेळी सगळे पडदे एकदम चालू होते. ताई स्वच्छ दिसत होती, कपाळावरची शीर न् शीर. तिच्यासमोर मात्र नुसता कॅमेरा. भाऊ काही तिला दिसत नव्हता. तिचे ओठ हलले. थोडी हसली. आवाज तुटक आला, मग तोही थांबला. ओठ हलतच होते.

“ताई, थांब, आलोच,” तो म्हणाला. तेही वर पोचलं नसावं.

धावत तारांच्या कपाटाशी गेला, क्रम उलटा केला. यंत्र पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं लागली. परत आला, तर पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि आवाज अगदी स्वच्छ. तो परिचारिकेचा होता. ताई गेल्या, असं ती हळूच सांगत होती.

“खूप बोलल्या हो तुमच्याशी. मी मुद्दाम लांब उभी राहिले. ऐकलंत ना सगळं?”

“हो,” तो म्हणाला.

तिथे अजूनही गर्दीच्या वेळी चेहरे फुटतात, आवाज मात्र पोचतो. त्या चार मिनिटांतलं बोलणं देवाने तरी ऐकलं असेल, असं मी धरून चालतो. आज घरी हात जोडाल, तेव्हा त्या ताईची आठवण काढा.