दिवेलागणीची सवय

जयवंत दारू प्यायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तुम्हाला त्याची दया येईल आणि तुम्ही वसुंधरेला नावं ठेवाल. अर्नाळ्याच्या रस्त्याला बापजाद्यांची केळीची वाडी, विहिरीला गोडं पाणी, कामाला वाघ असलेली बायको, गुणी मुलगी. काय कमी होतं, सांगा? पण दिवेलागण झाली की हा गडी पायांत चपला सरकवून निघायचा. परत कधी येणार, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं.

त्यांच्या घरच्या सुकेळ्यांचं गावात नाव होतं. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, दिवसभर उलटत राहायची आणि संध्याकाळी दव पडायच्या आत खाली आणून पानांत गुंडाळून ठेवायची. आठवडाभर हेच. एक संध्याकाळ चुकली की सगळी मेहनत मातीत. ही मेहनत वसुंधरेची. जयवंत तयार सुकेळं तोंडात टाकून मान डोलवायचा, एवढाच त्याचा हातभार.

चार वर्षांपूर्वी तिच्या आईचं एकदम जास्त झालं. मांडवावरच्या सुकेळ्यांच्या खेपेचा शेवटचा दिवस होता. "अहो, आजच्या दिवस तेवढी आत घ्या," एवढं सांगून ती माहेरी धावली. आई त्याच रात्री गेली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी वसुंधरा घरी परतली, तर सुकेळी मांडवावरच, दवाने ओली, मुंग्या लागलेली, आणि नवरा ओट्यावर आडवा. ती भांडली नाही. सगळी केळी खड्ड्यात टाकली, हात धुतले, पिशवी भरली आणि एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवर मेघनाकडे, लेकीकडे, निघून गेली.

त्यानंतर जयवंताने कितीदा कानाला खडा लावला, त्याला गणती नाही. देवापुढे शपथ घ्यायची आणि संध्याकाळी मोडायची. शेवटी शेजारच्या ऑस्करने त्याला कुंपणाशी गाठलं. ऑस्कर स्वतः त्यातून गेलेला. तो म्हणाला, "शपथा पुरे झाल्या, जयवंता. मन काय, रोज नवीन कारण काढतं. तू हाताला शिकव. ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळतात, त्याच वेळी हाताला काम दे. रोज तेच काम. आवडो न आवडो."

दिवेलागणीला करण्यासारखं काम जयवंताला एकच सुचलं, जे त्याने केलं नव्हतं ते. त्याने केळी सोलली. पहिली खेप काळी पडली, दुसरी आंबली. संध्याकाळी हात थरथरायचे, तरी तो शिडी चढायचा आणि एकेक केळं उचलायचा. दोनदा शिडीवरून उतरून तो सरळ गुत्त्यावर गेला, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडीपाशी आला, हेही खरं. पावसाळ्यात मांडव रिकामा, तर त्याच वेळी वाडीतली सुकी पानं कापली. असं करता करता एके दिवशी त्याच्या लक्षात आलं, की दिवेलागण झाल्यावर पाय आपोआप शिडीकडे वळतात.

या माघात सुकेळी जमली. मधाच्या रंगाची, अगदी वसुंधरेच्या हातची वाटावीत अशी. जयवंताने इस्त्रीचा शर्ट घातला, मांडवावरची दुसरी खेप ऑस्करच्या भरवशावर सोडली आणि डबा घेऊन निघाला. ती परत येणार, याची त्याला खात्रीच होती. सकाळी त्याने तिचं कपाट पुसून ठेवलं होतं. वेडा माणूस.

मेघना कामावर गेली होती. वसुंधरेने दार उघडलं, पाणी दिलं. सुकेळं मोडून तिने तोंडात घातलं आणि बराच वेळ चावत राहिली.

"कोणी केली?"

"मी. एकही संध्याकाळ चुकवली नाही."

तिचे डोळे भरून आले. "चांगली झालीत," ती म्हणाली. "खरंच चांगली झालीत."

"मग घरी चल, वसू. मी आता घोटसुद्धा घेत नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. "इथे आले ना, तेव्हा दिवेलागण झाली की कान दाराकडे. तुम्ही कुठे पडला असाल, कोण उचलेल. मेघना ओरडायची, पण मन ऐकेना. मग मी ठरवलं, दिवा लावला की दाराला कडी लावायची. एक कप चहा करायचा, एकटीचा. कडी लावताना रडायचे. तरी रोज लावली. हात शिकला, मग हळूहळू मनही शिकलं."

जयवंताला ऑस्करचं बोलणं आठवलं.

"तुम्हाला दारू सोडायला जेवढा त्रास झाला, तेवढाच मला तुम्हाला सोडायला झाला," वसुंधरा म्हणाली. "तुम्ही घोटसुद्धा घेत नाही. का? परत सुरू होईल म्हणून. मग मलाही परत यायला नका सांगू."

जयवंताला राग यावा, तर ती चुकीचं काही बोललीच नव्हती. बाहेर अंधारून येत होतं. वसुंधरेने देवापुढे दिवा लावला आणि दाराशी येऊन उभी राहिली. जयवंत उठला. तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला असेल-नसेल, मागे कडी लागली.

वाडीत पोचला तेव्हा काळोख पडला होता. कुंपणापलीकडून ऑस्करने हाक मारली, "तुझी खेप आत ठेवली रे. काय म्हणाली वहिनी?"

"चांगली झालीत म्हणाली."



जयवंत घरात आला. सुकेळी पानांत नीट गुंडाळलेली होती, हातांना काहीच काम उरलं नव्हतं. पुसलेलं कपाट समोर होतं. तो जमिनीवर बसला, ऑस्करने बांधलेली पानं त्याने सोडली, आणि लहान मुलासारखा रडत एकेक सुकेळं पुन्हा गुंडाळायला लागला.